काचेची आतली बाजू

कवळीवाल्याला माणसांच्या तोंडाची किळस होती, आणि त्याचं पोट मात्र माणसांच्या तोंडावरच चालत होतं. गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणूनच ओळखत. शहरातले चार दंतवैद्य रुग्णांच्या जबड्याचे ठसे त्याच्याकडे पाठवायचे आणि तो त्यांवरून कवळ्या घडवून द्यायचा. ठसे ताजे असत. गुलाबी लगद्यात कुणाच्या तरी हिरड्या उमटलेल्या, कडेला लाळेची तार, कधी आदल्या जेवणाचा कण. तीस वर्षांत हात सरावले, नाक सरावलं नाही. ठसा उघडताना तो अजूनही श्वास रोखून धरायचा आणि दारातून बायको म्हणायची, "अहो, चावणार नाहीये तो."

म्हणून तो विमानं करायचा. युद्धातली लढाऊ विमानं, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढी. प्लॅस्टिक स्वच्छ असतं. त्याला लाळ नसते, वास नसतो, तक्रार नसते. चौकटीला लटकलेले सुटे भाग तो आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, कारण साच्यातून निघताना त्यांना थोडा तेलकटपणा चिकटलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग एकेक भाग कापायचा, घासायचा, जोडायचा. कामाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात अशी सतरा विमानं उभी होती आणि सतराच्या सतरा रिकामी. खोक्यात वैमानिकाचं बोटाच्या पेराएवढं बाहुलं येतं, ते तो कधीच बसवत नसे. माणूस आत बसवला की विमान घाण होतं, असं त्याचं ठाम मत होतं. सतरा वैमानिक एका पत्र्याच्या डबीत एकमेकांवर पडलेले असत.

अठराव्या विमानाचं खोकं आलं, त्याच आठवड्यात सासरे कायमचे राहायला आले.

सासऱ्यांबद्दल असं मनात आणू नये हे कवळीवाल्याला कळत होतं. नव्वदीला टेकलेला माणूस, त्याचं काय मनावर घ्यायचं? पण ते खाकरायचे, डब्यात थुंकायचे आणि डब्यात वाकून बघायचे. बोटं पडद्याला पुसायचे. जेवता जेवता कवळी काढून तिची आतली बाजू चाटायचे. त्यांच्या अंगाला जुन्या ग्रीसचा वास होता. युद्धात ते विमानतळावर मेकॅनिक होते, नंतर जन्मभर एका गॅरेजात. तो वास आता कातडीतच मुरला होता. कवळीवाला त्यांच्या शेजारून जाताना अंग चोरून जायचा आणि आपण अंग चोरतो याची त्याला लाजही वाटायची.

आणि ते जेवत नव्हते. घास गालात धरून बसायचे, तासाभराने तो रुमालात काढायचे आणि रुमाल उशीखाली ठेवायचे. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं की वजन असंच उतरत राहिलं तर दोन महिने, फार तर तीन. बायको रोज ते रुमाल न्हाणीघरात धुवायची आणि नळ मोठा सोडून रडायची. कवळीवाल्याला रुमालही सहन होत नव्हते आणि नळाचा तो आवाजही.

त्याने त्यांना नवी कवळी करून दिली. आयुष्यातली सगळ्यात चांगली. सासऱ्यांनी ती घातली, दोनदा कटकट वाजवली.

"दात झकास आहेत, जावईबापू. चवच नाही कशाला."

एका रविवारी सकाळी ते वॉकर टेकत कामाच्या खोलीच्या दारात आले. टेबलावर अठराव्या विमानाचं धड जोडून झालं होतं, वैमानिकाची बैठक आत रंगवून बसवली होती. सासऱ्यांनी आधी खोक्यावरचं चित्र पाहिलं, मग धड पाहिलं. त्यांचा खालचा ओठ लोंबायला लागला.

"हे आमचं," ते म्हणाले.

"म्हणजे? याच बनावटीची होती तुमच्याकडे?"

"नाकावर पिवळा पट्टा. पोटाखाली निळा. शेपटीला डावीकडे हिरवं ठिगळ होतं, वेगळ्या हिरव्याचं. नंबर सात-एक-चार." चार महिन्यांत ते इतकं कधी बोलले नव्हते. मग कवळीवाल्याने अडवायच्या आत त्यांनी ताटलीतलं पारदर्शक झाकण उचललं. वैमानिकाच्या डोक्यावरचं ते काचेसारखं झाकण, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. ते त्यांनी ओल्या बोटांत धरलं, उजेडाकडे केलं, आणि मग नाकाशी नेऊन सावकाश हुंगलं.

"हे बसवू नका हं," ते म्हणाले. "उघडंच राहू दे."

त्या दुपारी सासरे पूर्ण ताट जेवले. बायकोने स्वयंपाकघरातून हातवारे करून कवळीवाल्याला बोलावलं आणि रिकामं ताट दाखवलं. तिचा चेहरा बघून त्यालाही भरून आलं. त्याने झाकण धुवायला घेतलं ते नंतर, ती आत गेल्यावर.

साबणाने धुतलं. पुन्हा धुतलं. स्पिरिटने पुसलं. बाहेरून झाकण करकरीत झालं, बोट फिरवलं की चुरचुरायचं. आतून मात्र काडीला गुंडाळलेला कापूस नुसता घसरत होता. म्हाताऱ्याची बोटं, दुसरं काय, असं म्हणत त्याने पाच वेळा पुसलं. सहाव्यांदा पुसताना त्याच्या लक्षात आलं की सासऱ्यांनी झाकण बाहेरून धरलं होतं. त्याच्या आत माणसाचं बोट जाऊच शकत नव्हतं. त्याने काडी खाली ठेवली आणि हात कोपरापर्यंत धुतले.

वास तीन दिवसांनी आला. त्याने पोटाखालचा निळा फवारून नुकताच संपवला होता आणि हवेचा पंप तापलाय की काय म्हणून तो वायर हुंगत बसला. वायरचा वास नव्हता. तापलेल्या भांड्यावर चरबी विसरावी तसा होता, जाड, गोडसर, टाळूला चिकटणारा. तो स्वयंपाकघरात गेला.

"काही करपलं का?"

"गॅस पेटवलाच नाहीये अजून," बायको म्हणाली. तिने खोलीत येऊन नाक वर केलं. "रंगाचा वास येतोय. दुसरं काय येणार तुमच्या खोलीत?"

सासऱ्यांना मात्र येत असावा. तेव्हापासून ते रोज कामाच्या खोलीत खुर्ची टाकून बसायला लागले. ताट तिथेच मागायचे. विमानाच्या उघड्या बैठकीवर नजर लावून ते चावायचे, ओठ तेलकट चमकायचे, हनुवटीवरून ओघळ आला तरी पुसायचे नाहीत. मधूनच थांबून नाकाने लांब श्वास ओढायचे आणि पुढचा घास घ्यायचे. कवळीवाल्याने तोंडाला ओला रुमाल बांधून काम करायला सुरुवात केली. स्वतःच घडवलेल्या कवळीचा तो कचकच आवाज ऐकत त्याने पिवळा पट्टा ओढला, हिरवं ठिगळ रंगवलं, सात-एक-चार लिहिला.

वजन दोन किलोंनी वाढलं. डॉक्टरांनी बायकोच्या पाठीवर थाप मारली.

"काय जादू केलीत हो?" ती कवळीवाल्याला म्हणाली. "ते विमान पूर्णच करू नका बाई. घासत बसा जन्मभर." आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हसायची तशी हसली.

कसं सांगायचं तिला? विमानाला सगळीकडे रंग नीट धरला होता, फक्त बैठकीच्या दोन्ही कडांना, जिथे झाकण सरकायच्या खाचा कोरून दाखवल्या होत्या, तिथे धरत नव्हता. लावला की मागे सरायचा, गोल गोल उघडे ठिपके पडायचे, तेलावर पाणी टाकल्यासारखे. घासून पुन्हा लावला, पुन्हा तेच. एका सकाळी त्याला बैठकीच्या तळाशी पिवळट थेंब दिसला, टाचणीच्या डोक्याएवढा. त्याने काडीने टिपून घेतला. बाहेर काढल्यावर थेंब पांढरा पडला आणि थिजला. कवळीवाल्याने तो दोन बोटांत चोळला. ती चरबी होती. ठसे बघून बघून त्याला माणसाच्या शरीरातून काय काय निघतं ते ठाऊक होतं, पण हे कधी पाहिलं नव्हतं. तो न्हाणीघरापर्यंत पोचला नाही. दारातच ओकला.

त्याच दुपारी, सासरे झोपलेले असताना, त्याने झाकण बसवायला घेतलं.

पारदर्शक भाग पांढऱ्या गोंदाने चिकटवायचे असतात. तो सावकाश वाळतो, पण डाग पाडत नाही. तीनदा लावला, तीनदा झाकण त्या तेलकट कडेवरून घसरलं. आणि मग कवळीवाल्याने ते केलं जे त्याने नवशिक्यांना हजारदा करू नका म्हणून सांगितलं असेल. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी उचलली आणि कडेने धार सोडली. त्या गोंदाची वाफ सुटते आणि बंद काचेच्या आत पांढरं धुकं धरतं, हे त्याला माहीत होतं. धरू दे म्हणाला. झाकण दाबून त्याने शंभरपर्यंत आकडे मोजले.

वास बंद झाला. नळ बंद करावा तसा. त्याने रुमाल सोडला, खिडकीपाशी उभं राहून पोटभर श्वास घेतला आणि कितीतरी दिवसांनी दोन घास चवीने खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण आतून पांढरं झालं होतं, अपेक्षेप्रमाणे. चूक किती दिसते ते बघावं म्हणून त्याने कवळीचे दात तपासायचं भिंग डोळ्याला लावलं.

धुकं सलग नव्हतं. त्या गोंदाची वाफ जिथे माणसाच्या त्वचेचं तेल असतं तिथे जास्त धरते. चोरांचे ठसे याच युक्तीने उठवतात, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. भिंगाखाली त्याला एक तळवा दिसला. मोहरीएवढा. बोटं फाकलेली, बोटांच्या टोकांवर रेषा, अंगठ्याच्या बुडाशी वळी. शेजारी दुसरा. मग त्यांच्यावर आणखी, एकमेकांवर चढलेले, दोन्ही खाचांपाशी दाट, मागच्या कडेला खाली ओढले गेलेले. त्याने मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढे थांबला.

त्याने डबी उघडली. अठरावा वैमानिक सगळ्यांत वर होता, हात मांडीवर साच्यातून निघाले तसेच. कवळीवाल्याने डबी बंद केली आणि विमानावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलं.

जेवायच्या वेळी सासरे खुर्चीत येऊन बसले. त्यांनी नाकाने श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग खोक्याकडे बघत बसले. घास गालात तसाच राहिला.

पाचव्या दिवशी उशीखाली नऊ रुमाल निघाले.

"तुम्ही काहीतरी बदललंत," बायको म्हणाली. "काय बदललंत?"

"झाकण बसवलं."

"मग काढा ना! एवढंसं झाकण. त्यांना उघडं आवडत होतं, असू दे उघडं. अहो, ते जेवत होते!"

"चिकटलंय. निघत नाही आता."

हे खोटं होतं. त्याच्या कपाटात तो गोंद विरघळवणारा द्रव होता, पाच मिनिटांत सुटला असता. बायको त्याच्याकडे बघत राहिली आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की तिला आपली किळस येतेय.

सातव्या दिवशी सासऱ्यांनी त्याला खाटेपाशी बोलावलं. आता ते पाणीही चमच्याने घेत होते. त्यांच्या तोंडाला गोड आंबूस वास येत होता आणि कवळीवाला श्वास रोखून वाकला.

"रंग मी दिला होता," ते म्हणाले. "झाकणाच्या चौकटीला. हुकूम होता, सगळ्या चौकटी हिरव्या करा, लगेच. घाईत रंग खाचेत उतरला. पुसला नाही. म्हटलं, वाळल्यावर खरवडू."

"बाबा, बोलू नका. दम लागेल."

"सकाळी वैमानिक विमान घेऊन गेला. परत आला तो पेटलेला. आम्ही धावलो. मी पंखावर चढलो. झाकण सरकेना. तो आतून ढकलतोय, मी बाहेरून ओढतोय. काचेच्या या बाजूला माझे हात, त्या बाजूला त्याचे." त्यांनी दोन्ही हात हवेत धरले आणि खाली पाडले. "मग नुसते माझेच."

कवळीवाल्याला श्वास घ्यावा लागला.

"काचेची टंचाई होती. काच धड होती, तडा नव्हता. दुसऱ्या विमानाला लावायची होती. आतून पुसायला मला दिली. पेट्रोलने पुसली, साबणाने पुसली, राखेने घासली. बोट घसरतच होतं, जावईबापू. दिवसभर पुसली."

बाहेर बायको कुणाशी तरी फोनवर बोलत होती, वजन सांगत होती.

"आणि हे कुणाला सांगितलं नाही. तीन दिवस आम्हाला अन्न पोचलं नव्हतं. पंखावर उभा होतो ना, तेव्हा तो वास आला." त्यांनी कोरडे ओठ चाटले. "तोंडाला पाणी सुटलं. थुंकायला हवं होतं. थुंकलो नाही, गिळलं. तेव्हापासून कशालाच चव नाही. बायकोच्या हातचं नाही, लेकीच्या हातचं नाही. सत्तर वर्षं मी नुसतं पोट भरलं. तुमच्या खोलीत आल्यावर..." ते थांबले. त्यांच्या डोळ्यांत एवढं आर्जव होतं की कवळीवाल्याने मान फिरवली. "एकदा उघडता का? एकदाच. लेकीला बरं वाटेल."

या माणसाला कवळीवाल्याने जेवताना पाहिलं होतं. दोन महिने, रोज, हातभर अंतरावरून. आणि तेही स्वतः घडवलेल्या दातांनी.

"बघतो," तो म्हणाला.

त्याने बघितलं नाही. खोलीत गेला, कपाटातला तो द्रव न्हाणीघरात ओतून टाकला आणि हात कोपरापर्यंत धुतले.

सासरे अकराव्या दिवशी पहाटे गेले.

माणसं आली, गेली. बायको रडली नाही. जेवलीही नाही. आधी सगळे म्हणाले, असं होतं, दोन दिवस जाऊ द्या. दोनाचे सहा झाले. शेजारणी डबे आणत होत्या आणि डबे भरलेले परत जात होते. कवळीवाल्याने तिच्यापुढे ताट धरलं की ती एक घास घ्यायची, आणि तो घास गालात राहायचा. आठव्या दिवशी उशीचा अभ्रा बदलताना त्याला तिचा रुमाल सापडला. त्याने तो न उघडता धुतला. नळ मोठा सोडून धुतला, कारण आता रडू त्याला येत होतं.

"दोन घास खा ना गं," तो म्हणाला. "माझ्यासाठी."

"चवच नाही हो कशाला," ती म्हणाली.

त्या दुपारी तो विमान फेकून द्यायचं ठरवून खोलीत गेला. सासरे गेल्यापासून खोली बंद होती. उन्हाचा पट्टा टेबलावर पडला होता. त्याने पुठ्ठ्याचं खोकं उचललं.

झाकण मागे सरकलेलं होतं.

ते सरकणारं नव्हतंच. खाचा नुसत्या कोरलेल्या होत्या, दाखवायला. गोंदाची रेघ दोन्ही कडांना अखंड होती, कुठे तुटली नव्हती. तरी झाकण पूर्ण मागे होतं आणि बैठक उघडी होती.

त्याने भिंग लावलं. काच आतून लख्ख होती. एक ठसा नव्हता, एक डाग नव्हता. कुणीतरी दिवसभर बसून पुसावी तशी.

मग वास आला. आधीपेक्षा जाड. त्याने तोंडावर हात दाबला आणि खिडकीकडे वळला.

दारात बायको उभी होती. आठ दिवसांत पहिल्यांदाच ती आपणहून उठून आली होती. केस सुटलेले, गाल बसलेले, आणि नाक किंचित वर.

"कसला वास येतोय हो?" तिने विचारलं.

ती आत आली. वडिलांची खुर्ची ओढून टेबलाशी बसली आणि विमानाच्या उघड्या बैठकीकडे बघत तिने नाकाने लांब श्वास घेतला. तिच्या गालांवर रंग आला.

"भूक लागली मला," ती म्हणाली. "ताट इथेच आणता का?"

आणि तिने आवंढा गिळला.